जॉमसुन अक्काच्या घरामागचा उतार

जॉमसुन अक्काच्या घरामागचा उतार मी साफ करायला हवा होता. केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की पिलनामनं गोष्ट रंगवून रंगवून स्वतःला सोडवून घेतलं.

मी विरळणीच्या, म्हणजे डोंगरातली दाट झाडं कापून विरळ करणाऱ्या टोळीची मुकादम. अख्ख्या खोऱ्यात बाई मुकादम मी एकटीच. आधी माझा नवरा मुकादम होता. सात वर्षांपूर्वी एक कापलेलं झाड शेजारच्या झाडात अडकून बसलं, आणि तो खालून जायला नि ते सुटायला एकच गाठ पडली. त्याला डोंगरात पुरून आल्यावर आठव्या दिवशी मी त्याचंच हेल्मेट डोक्यावर चढवलं. गावातल्या बायका म्हणाल्या, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी. मी म्हटलं, लाज घालून भात शिजत असेल तर द्या आणून वाटीभर.

आमच्या बामगोलच्या डोंगरांवर माझ्या लहानपणी काडी नव्हती. लढाईच्या दिवसांत लोकांनी मुळंसुद्धा उपटून चुलीत घातली होती. मग सरकारनं शाळेतल्या पोरांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात पाइनची रोपं दिली. मीही लावलीत. वीत वीत अंतरावर, कारण मास्तर म्हणायचे, दहातली नऊ मरणारच. मरायला काय झालं होतं त्यांना! सगळी जगली. आणि ती मोठी होईस्तोवर घराघरांत तेलाचे बंब आले, सरपणाला डोंगरात कोण जाणार? आता झाडाला झाड घासतंय, खालच्या फांद्या वाळून तशाच लटकताहेत, जमिनीवर गुडघाभर वाळक्या सुया. वणवा लागला की सुयांवरून फांदीवर, फांदीवरून शेंड्यावर, शिडी लावून दिल्यासारखा चढतो. एकदा शेंड्यावर गेला की मग देवाचं नाव घ्यायचं, बाकी काही हातात नाही.

म्हणून आम्ही दहातली सहा कापायची, चार ठेवायची. ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. पूर्वी कापलेलं सगळं तिथंच कुजायला टाकत, म्हणजे उभं जळण आडवं निजवायचं, एवढंच. आता समुद्राकाठच्या वीजघराला लाकडाच्या ढलप्या लागतात, त्यामुळं शेंडे, फांद्या, वाकडीतिकडी खोडं, सगळं ओढत रस्त्यापर्यंत आणायचं, यंत्रात कोंबायचं आणि ढलप्यांचा ट्रक भरून द्यायचा. आम्ही पाचजण. सगळ्यांत तरुण मी, एकसष्टची. करवत चालवणारा गीदोंग अडुसष्टचा. ज्याची त्याची गुडघेदुखी ज्याच्या त्याच्याजवळ.

जॉमसुन अक्काचं घर गावात सगळ्यांत वर. तिच्या परसाची भिंत संपली की पश्चिमेचा उतार सुरू. भिंत आणि पहिलं झाड यांच्यात मोठं माणूस आडवं झोपणार नाही एवढी जागा. अक्का अठ्ठ्याहत्तरची, आणि तिचा नवरा दॉकमान सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, वजन मात्र सगळं शिल्लक. अक्काच त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची. वर म्हणायची, "आयुष्यभर माझ्यावर ओरडला मेला, आता बघ कसा गप्प खातोय."

ऑक्टोबरमध्ये आमचं काम पूर्वेच्या टोकाला सुरू झालं तेव्हा ती काठी टेकत टेकत तिथवर आली. पिशवीत उकडलेले बटाटे होते.

"पिलनाम, माझ्या मागं कधी येणार तुम्ही?"

"येणार अक्का. क्रमानं येणार."

"क्रम गेला खड्ड्यात. वसंतातलं वारं सुटलं आणि तिकडं काही पेटलं, तर तुम्ही सगळे पळाल. मी ह्यांना पाठुंगळी घेऊ का?"

"वारं सुटायच्या आत तुमच्या मागचा उतार मोकळा करून देते. झालं? परसात उभं राहून वरचा कडा दिसेल असा मोकळा."

"शब्द दिलास?"

"दिला."

तिनं बटाटे सगळ्यांना वाटले आणि गीदोंगला म्हणाली, "हिनं शब्द पाळला नाही तर तूच हिची करवत लपव." सगळे हसले. मीही हसले.

आता तो उतार होता माझ्या सासऱ्यांच्या नावावर. तो उतार, त्याच्या वरचा कडा, कड्यापलीकडची पूर्वेची धार, सगळंच. मामंजी शहाऐंशीचे. काठी नाही, चष्मा नाही, कानाला मात्र हवं तेवढंच ऐकू येतं. आणि त्या डोंगरात कुठंतरी त्यांची अळंबीची जागा होती.

पाइनची अळंबी पेरून येत नाही, पाळून येत नाही. तिला आवडेल त्या झाडाच्या पायाशी, सप्टेंबरच्या थंडाव्यात, वर्षानुवर्षं त्याच हातभर जागेत ती उगवते, आणि बाजारात सोन्याच्या भावानं जाते. जागा ज्याची त्याला ठाऊक. आमच्याकडं नवरा बायकोला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही. मरताना सांगायचं, तेही श्वास उरला तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामंजी पहाटे निघायचे तेव्हा गावातले दोघंतिघं मागावर असायचे, आणि मामंजी त्यांना मुद्दाम तीन टेकड्या हिंडवून, ओढ्यात पाय भिजवून, रिकाम्या हातानं घरी आणायचे. दुसऱ्या दिवशी टोपली भरलेली असायची.

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी जागा सांगितली नव्हती. तो चोपन्न वर्षांचा होऊन मेला. "पोरगं अजून उथळ आहे," असं म्हणायचे. मी तर सून. चौतीस वर्षं त्यांचा भात रांधला, पूर्वजांच्या पूजेची ताटं मांडली, पोटचं पोर नाही म्हणून त्यांचे टोमणे गिळले. टोपली घरी आली की अळंब्या पुसून, प्रतवारी लावून मी ठेवायची. कुठून आल्या ते विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर म्हणायचे, "डोंगरातून."

काम सुरू व्हायच्या आधी, झाडं कापायच्या संमतीच्या कागदावर सही करायला ते तयार नव्हते. तुमची करवत फिरली, दहा पायांनी जमीन तुडवली की अळंबी मेली म्हणून समजा, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की मालकाला हवी ती झाडं राखता येतात. झाडाला पांढरी पट्टी बांधायची, पट्टीच्या झाडाला आम्ही हात लावत नाही, त्याच्या भोवती फिरकतसुद्धा नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी सही केली. मग पांढऱ्या पट्टीची आठ रिळं मागून घेतली आणि चार दिवस एकटेच डोंगरात जात राहिले. जेवायचा डबाही बरोबर नेला.

नोव्हेंबरच्या मध्यावर पूर्वेची धार संपवून, कडा उतरून आम्ही अक्काच्या घरामागं पोचलो. गीदोंगनं करवत खाली ठेवली आणि हेल्मेट मागं सारलं.

"मुकादमीण, हे काय लग्न आहे का काय?"

कड्यापासून अक्काच्या भिंतीपर्यंत, शंभर पावलं रुंद, एकूण एक झाडाला पांढरी पट्टी. मोठ्याला पट्टी, मनगटाएवढ्याला पट्टी, मेलेल्या वाळल्या झाडालासुद्धा पट्टी. आत शिरायला जागा नव्हती.

"सासऱ्यानं तुझ्या इथं अळंबीचा कारखाना काढलाय की," गीदोंग म्हणाला. त्यानं पायानं सुया उकरल्या. घोट्याच्या वरपर्यंत पाय गेला. "ह्यात अळंबी? अगं, अळंबीला ऊन लागतं, पातळ पाचोळा लागतो, वारा लागतो. ह्या गचपणात बुरशीसुद्धा गुदमरून मरेल. हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं."

"तुम्हाला अळंबीचं काय कळतं, गीदोंगभाऊ? तुमच्या सात पिढ्यांनी बाजारातच बघितली."

"बरं बाई. मी बाजारातला. पण तुला तरी कळतंय ना?"

मी टोळीला दुपारची सुटी दिली आणि घरी गेले.

मामंजी ओसरीवर सोललेली पर्सिमनची फळं सुकवायला दोरीत ओवत बसले होते. मी उभ्यानंच विचारलं, "मामंजी, अक्काच्या घरामागच्या उतारावर सगळ्याच झाडांखाली अळंबी आहे का?"

"असेल. नसेल."

"सगळ्यांना पट्ट्या बांधल्यात तुम्ही."

"मग? खऱ्या झाडाला एकट्याला बांधली असती तर तुझ्या त्या गीदोंगनं दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन यायचं. सगळ्यांना बांधल्या. शोधा म्हणावं आता."

"खाली अक्काचं घर आहे. दॉकमानभाऊ हलू शकत नाहीत. वणवा त्या गचपणात शिरला तर घरावर कोसळेल."

"पन्नास वर्षांत आला का वणवा?"

"शेजारच्या तालुक्यात दोनदा आला."

"ते शेजारचं. कायदा काय म्हणतो? पट्टी असेल तर कापायचं नाही. तूच म्हणालीस."

"खरी जागा कुठं आहे तेवढी मला सांगा. मी तेवढी राखते, बाकीचं कापते. कुणाला कळणार नाही."

त्यांनी पर्सिमन खाली ठेवलं. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. एवढा वेळ त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

"तो उतार तसाच ठेव," ते म्हणाले. "पुढच्या हंगामात तुला घेऊन जाईन. माझ्या पायांनी चालत जाऊन दाखवीन. मरणाची वाट बघायला लावणार नाही."

मी त्यांच्यापुढं खाली बसले. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात! पण माझ्या नवऱ्याला जे मिळालं नाही ते मला मिळणार होतं. गुडघे गेलेत, अजून दोन वर्षं करवतीमागं चालेन, पुढं काय हा घोर होताच, आणि तो महिनाभराचा हंगाम हाती आला तर वर्ष निघतं. पण खरं सांगू? पोटाचं कारण दुसरं. पहिलं कारण असं की त्या माणसानं मला घरची मानावं. चौतीस वर्षं मी त्याच एका गोष्टीसाठी झुरत होते, आणि तिची किंमत मला कुणीतरी अशी समोर मांडून विचारली. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टोळीला सांगितलं, मालकानं राखलेला पट्टा आहे, सोडून पुढं चला. गीदोंगनं करवत खांद्यावर टाकली आणि थुंकून चालू लागला. त्या शंभर पावलांच्या दोन्ही अंगांचा उतार आम्ही असा साफ केला की तालुक्याचे साहेब फोटो काढून घेऊन गेले. ढलप्यांचे बेचाळीस ट्रक गेले. मधला पट्टा तेवढा राहिला, आणि तो कुठं राहिला, तर नेमका अक्काच्या डोक्यावर.

अक्का परसात उभी होती.

"अगं, आजूबाजूचं केलंस आणि माझंच राहिलं?"

"ते दुसऱ्या टप्प्यात आहे अक्का. मार्चपर्यंत थांबा."

"मार्चमध्येच तर वारं सुटतं."

"त्याच्या आधी करते."

"तू म्हणतेस तर थांबते," ती म्हणाली आणि आत गेली. दुसरा टप्पा असं काही नव्हतंच. हे मला माहीत होतं.

वणवा मार्चच्या चौथ्या आठवड्यात आला, भर दुपारी दोनला. पश्चिमेच्या खिंडीपलीकडं कुणीतरी बांधावरचं गवत जाळलं म्हणे. पंधरा दिवस पाऊस नव्हता, आणि वारं असं की उभं माणूस पुढं ढकललं जावं. गावाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, सगळ्यांनी बसमध्ये बसा, शाळेच्या सभागृहात चला. मामंजींना मी पहिल्या बसमध्ये बसवलं. दॉकमानभाऊंसाठी रुग्णवाहिका सांगितली होती. ती पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात अडकली होती, तिथून सुटली की येते म्हणाले. मी अक्काला फोन केला. "येतेय गाडी, तयार राहा." ती म्हणाली, "मी कधीची तयार आहे."

आम्ही पाचजण पाठीला पाण्याच्या पिशव्या लावून, दाताळी घेऊन वर गेलो. खिंडीवरून वणवा शेंड्याशेंड्यांनी आला. आवाज असा की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येईना. मग तो आमच्या विरळलेल्या उताराला लागला, आणि तुम्हाला सांगते, खाली उतरला. शेंडा शेंड्याला लागत नव्हता, चढायला फांदी नव्हती. गुडघ्याएवढा होऊन गवतातून सरपटू लागला. आम्ही दाताळ्यांनी ओढून ओढून, पाणी मारून त्याला विझवत गेलो. गीदोंग नाचायचाच बाकी होता. "मुकादमीण, बघ! बघ, तुझ्या करवतीपुढं कसा गुडघ्यावर आलाय!" आणि मलाही, देवा, त्या क्षणी अभिमानच वाटला.

मग वारं फिरलं आणि तो पांढऱ्या पट्ट्यांच्या पट्ट्यात शिरला.

एकदम चढला. भडका उडाला म्हणायलाही वेळ मिळाला नाही. त्या शंभर पावलांत जेवढं होतं तेवढं सगळं एका दमात पेटलं आणि उताराखाली वाकलं. माझा फोन वाजला.

"पिलनाम, मागं फार आवाज येतोय गं."

"अक्का, निघा तिथून. आत्ता निघा."

"ह्यांना कशी सोडू? रजईत गुंडाळून दारापर्यंत ओढत आणलंय. उंबऱ्यावरून उचलायला मला होत नाही. गीदोंगला घेऊन ये, तिघं मिळून उचलू."

"आले, आले मी."

"दार उघडंच ठेवते."

खाली रस्त्यावर माझा छोटा ट्रक होता. गीदोंग शेजारी चढून बसला. अर्धा किलोमीटर. शेवटच्या वळणावर रस्ताच दिसत नव्हता. पट्ट्यातली जळकी झाडं भिंत ओलांडून आडवी पडली होती आणि त्यांच्यापलीकडं नुसतं केशरी. मी गाडी घातली. गीदोंगनं माझा हात पिरगाळून चाक फिरवलं आणि गाडी नाल्यात गेली. मी त्याला बोचकारलं, शिव्या घातल्या. त्यानं मला सोडलं नाही. फोन चालूच होता. मी कानाला लावला तर नुसता वारा ऐकू येत होता, आणि मग तोही नाही.

दोघं उंबऱ्यावरच सापडली. अक्काचे हात त्याच्या काखेत होते. ओढतच होती ती.

गावातली बाकीची एकतीस घरं वाचली. साहेब आले, टीव्हीवाले आले. विरळलेला हिरवा उतार आणि खालचं वाचलेलं गाव एकाच चित्रात बसवून त्यांनी मला शेजारी उभं केलं. एका घराचं दुर्दैव, असं साहेब म्हणाले. मालकानं राखीव ठेवलेला पट्टा होता, नियमाप्रमाणं. मालकाचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मुकादमानं आग्रह का धरला नाही हे कुणी विचारलं नाही.

अक्काचा एकुलता एक मुलगा ह्योनगू दक्षिणेला जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर आहे. शोकाच्या तीन दिवसांत तो बसलेला उठला नाही. मी पुढं गेले तेव्हा त्यानं जमिनीला डोकं टेकून मला नमस्कार केला.

"मावशी, तुम्ही डोंगर साफ केला नसता तर गाव गेलं असतं, सगळे सांगताहेत. आई फोनवर नेहमी तुमचंच नाव घ्यायची. पिलनाम आहे, मला काळजी नाही, म्हणायची."

मी नमस्कार परत केला आणि आत जाऊन लोकांना रस्सा-भात वाढू लागले. रस्सा वाटीबाहेर सांडत होता म्हणून कुणीतरी माझ्या हातातला डाव काढून घेतला.

मामंजी त्या दिवसांत जेवेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मला वाटलं, पस्तावलेत. एप्रिलच्या शेवटी एक दिवस सकाळी उठले, बूट चढवले आणि म्हणाले, "चल. माझा भरवसा नाही. हंगामाची वाट बघत नाही."

मी गेले. जायला नको होतं, पण गेले. मला वाटलं, जळालेल्या पट्ट्यात नेतील, ही इथं होती, ती तिथं होती, सगळी मेली म्हणून रडतील. मी मनात ठरवलं होतं, रडू द्यायचं.

ते पट्ट्याकडं वळलेच नाहीत. कडा ओलांडून पूर्वेच्या धारेवर गेले, जिथं आम्ही ऑक्टोबरमध्ये काम सुरू केलं होतं. वणवा तिथूनही गेला होता, खालून, सरपटत. बुंध्यांची सालं घोट्यापर्यंत काळी आणि वर झाडं हिरवीगार. मामंजी एका जाड, वाकड्या पाइनपाशी थांबले. वाकून त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला. आजारी पोराचं अंग बघावं तसा.

"जिवंत आहे," म्हणाले. "खाली धग लागली नाही. हे एक. ती वरची दोन. आणि तो दगड आहे ना, त्याच्या अलीकडचं. माझ्या आजोबांची आहेत."

"ह्यांना पट्टी नव्हती," मी म्हणाले.

"नव्हतीच. पट्टी बांधली असती तर कळलं नसतं का लोकांना? मोठी झाडं आहेत, तू मोठी ठेवतेस, मला ठाऊक होतं. बरं झालं तू आजूबाजूची गर्दी काढलीस. आता ऊन लागेल. दुप्पट येईल बघ."

"मग अक्काच्या घरामागं?"

"तिथं काय असणार?"

मी वळून कड्यापलीकडं, पट्ट्याच्या दिशेनं बघितलं.

"तिथं कधी एक अळंबी उगवली नाही. लोकांनी तिथंच हुडकत बसावं म्हणून बांधल्या. हे तुला सांगावं लागतंय का? डोंगरात जन्म गेला तुझा. त्या गचपणात अळंबी येते का कधी?" मग अगदी मायेनं म्हणाले, "मला वाटलं, तुला कळलंय. म्हणून तर गप्प बसलीस."

मला कळलं होतं. गीदोंगनं पायानं सुया उकरल्या तेव्हाच कळलं होतं. त्याच्याही आधी, लांबून बघितलं तेव्हाच. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, आणि त्या म्हाताऱ्यानं ते ओढताना मला बघितलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं. ढकलून द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उतार निसरडा होता आणि मी हात घट्ट धरला. त्यांना घरी सोडून तशीच वर गेले, अक्काच्या जागेवर.

ह्योनगू तिथं होता. दर शनिवारी यायचा. चाळणीनं राख चाळून खिळे, भांडी, दाराच्या बिजागऱ्या एका बाजूला रचत होता. मला बघून त्यानं उलटी बादली पुढं सरकवली.

"बसा मावशी. कॉफी आहे थर्मासमध्ये."

"बसत नाही. तुला सांगायचंय."

आणि मी सांगितलं. बटाटे, शब्द, पट्ट्या, मामंजींचं बोलणं, माझं हो म्हणणं, नसलेला दुसरा टप्पा. सगळं मामंजींच्या माथी मारून मला मोकळं होता आलं असतं. झाले नाही. त्यांनी मागितलं होतं, दिलं मी होतं. तो चाळणी हातात धरून ऐकत होता. मी संपवलं तेव्हा खालच्या रस्त्यावरून ढलप्यांचा रिकामा ट्रक वर चढत होता. जळलेली झाडंही वीजघराला चालतात, त्यांची उचल सुरू झाली होती.

ट्रक चढ संपवून थांबेपर्यंत ह्योनगू त्याच्याकडं बघत होता. मग माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मिळाली का मग जागा?"

"मिळाली," मी म्हणाले.